शिवणाऱ्या हातांचे अवमूल्यन

विकत घेतलेल्या वस्तूचा स्वामी म्हणजे ग्राहक, असे बाजारपेठेचे शास्त्र सांगते. थंडीच्या जाकिटापुरते तरी हे स्वामित्व नाममात्र आहे. चेन बिघडली, बाही फाटली की हा स्वामी हतबल होतो आणि नवे जाकीट घेण्यास निघतो. जी शिवण कशी उघडावी हे ठाऊक नाही, ती शिवण आपली कशी?

विशेष म्हणजे उपभोगवादाचे माहेरघर म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते, त्या अमेरिकेतच याचे उत्तर एकेकाळी घरोघरी तयार होत होते. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बोल्डर या गावी डेल जॉन्सन यांनी १९६६ साली ‘फ्रॉस्टलाइन’ ही कंपनी काढली. ती जाकीट विकत नव्हती, जाकिटाचा संच विकत होती. बेतून कापलेले नायलॉनचे तुकडे, चेन, दोरा, क्रमवार छापील सूचना आणि मोजून पुड्यांत भरलेली पाणपक्ष्यांची मऊ लव, म्हणजेच डाऊन. शिवायचे ते ग्राहकाने, घरच्या यंत्रावर. त्याच गावच्या होलुबार यांच्या दुकानानेही पुढे असेच संच विकले. तयार जाकिटापेक्षा संच स्वस्त पडे. पण केवळ स्वस्ताईसाठी लोक रात्र रात्र यंत्रावर बसत नाहीत.

हे काम समजण्यास मराठी घराला फार सायास पडू नयेत. गोधडीत धावदोरा कशासाठी घालतात? थर सरकू नयेत, एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून. जाकिटातील आडवे कप्पे त्याच कारणासाठी असतात. मात्र ऊब लव देत नाही. लवेत अडकून स्थिर राहिलेली हवा देते. त्यामुळे जिथे टीप आरपार जाते तिथे लव दबते आणि नेमकी तिथूनच थंडी शिरते. कडाक्याच्या थंडीसाठी म्हणूनच बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये पातळ कापडाच्या उभ्या पट्ट्या शिवून कप्प्यांना उंची द्यावी लागते. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केले, त्याला जाहिरातीतील ‘अतिउबदार’ या शब्दाने फसवणे अवघड असते.

असाच मनुष्य जाकीट बदलूही शकतो. थोरल्याची बाही धाकट्याला आखूड करायची तर अज्ञ हात सरळ कात्री चालवील आणि घरभर लव उडवील. जाणता हात जिथे कापायचे तिथे दोन समांतर टिपा आधी घालतो आणि मग त्या दोहोंच्या मधून कापतो. लव दोन्ही बाजूंना जागच्या जागी राहते. एवढेसे ज्ञान, पण एका जाकिटाचे आयुष्य त्यावर ठरते.

मग हे सारे गेले कुठे? १९७८ साली फ्रॉस्टलाइन जिलेट कंपनीने विकत घेतली. वापरून फेकून द्यायच्या पात्यांवर जिने साम्राज्य उभारले, तिच्या हाती स्वतः करण्याचा उद्योग गेला, हा योगायोग मोठा बोलका आहे! तथापि सारा दोष तिच्या माथी मारणे न्याय्य नाही. आशियातील स्वस्त मजुरीवर शिवलेले तयार कपडे दुकानांत येत गेले, घराघरांतील यंत्रे बंद पडू लागली आणि संचाचा हिशेब बसेना.

येथे अर्थपंडित म्हणतील की, जे स्वस्त ते टिकले, यात शोक कसला? त्यांना एकच विचारावेसे वाटते. या हिशेबाच्या वहीत खरेदीची किंमत आहे. पण एका पिढीच्या बोटांतून गेलेल्या कौशल्याची नोंद कोणत्या रकान्यात केली? दुसरा आक्षेप, हे स्त्रीला पुन्हा यंत्राला जुंपणे होय, असा. पण हे संच मागवून शिवणाऱ्यांत डोंगर चढणारे पुरुष आणि तरुणही होते. घरकामाची सक्ती आणि स्वतःसाठी शिवण्याचा छंद यांत फरक करता येत नसेल, तर त्या पुरोगामित्वाचे काय करावे?

ही ज्योत अगदी विझलेली नाही. गिर्यारोहक रे जार्डिन यांनी कृत्रिम तंतूच्या भरणाचे रजईसंच विकून ती तेवत ठेवली. दुसरीकडे उद्योग उलट्याच दिशेने निघाला आहे. अनेक जाकिटांत कप्प्यांची टीपच आता नाही. थर चिकटवून जोडलेले असतात. असा जोड उसवून पुन्हा घरी कसा बसवावा?

अमेरिकेत वा युरोपात शिकायला गेलेल्या मुलाला पहिल्या हिवाळ्याआधी महागडे जाकीट घेऊन देणारी कुटुंबे पुण्या-मुंबईत आज कमी नाहीत. त्याच्या सामानात सुई-दोरा असतो का, आणि असला तर तो त्याला चालवता येतो का? फ्रान्सवर तर कपड्यांच्या दुरुस्तीसाठी अनुदान देण्याची पाळी आली. २०२३ च्या अखेरीस सुरू झालेल्या योजनेत एका दुरुस्तीमागे ६ ते २५ युरोंची सवलत ठेवली गेली. ती मिळणार नोंदणीकृत कारागिराकडे काम करून घेतले तरच. घरी आईने बसवलेल्या चेनला त्या योजनेत जागा नाही.