विश्लेषण : दहावीनंतर लातूर की पुणे? धाराशिवच्या पालकांनी खोली बघण्याआधी नियम का पाहावेत?

दहावीचा निकाल लागला की धाराशिव, कळंब, तुळजापूर, उमरग्यातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला लातूरला ठेवायचे की पुण्याला? परदेशातून बदलीवर येणारी कुटुंबे इंटरनॅशनल स्कूल कुठे चांगले हे पाहून शहर निवडतात. इथल्या पालकांचा हिशेब कनिष्ठ महाविद्यालय, क्लास, खोली आणि मेसचा असतो. निर्णय मात्र बऱ्याचदा भावकीतला कोणाचा मुलगा कुठे गेला होता, यावर होतो.

बारावी कोणत्या शहरातून उत्तीर्ण केली, याचा पुढच्या प्रवेशावर परिणाम होतो. मेडिकलसाठी तो वेगळा आणि इंजिनीअरिंगसाठी वेगळा. त्यामुळे ‘लातूर चांगले की पुणे’ याचे एकच उत्तर नाही.

लातूरचा दबदबा कशामुळे?

१९८२ पर्यंत लातूर हे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातलेच शहर होते. जिल्हा वेगळा झाला आणि पुढच्या काही वर्षांत शिक्षणाचे केंद्र तिकडे सरकले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर अनिरुद्ध जाधव यांच्या काळात ‘लातूर पॅटर्न’ हे नाव रूढ झाले. त्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, प्रश्नसंच सोडवून घ्यायचे, चाचण्यांवर चाचण्या घ्यायच्या आणि उत्तरपत्रिका तपासून विद्यार्थ्याला त्याची चूक दाखवायची. ग्रामीण भागातल्या मुलांना बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नेणारी ती शिस्त होती.

पुढे परीक्षाच बदलली. आधी बारावीचे गुण, मग राज्याची सीईटी आणि २०१७ पासून मेडिकलसाठी ‘नीट’. लातूरने सरावाची तीच पद्धत बहुपर्यायी प्रश्नांना लावली. आज तिथल्या ‘ट्यूशन एरिया’त क्लास, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकाने आणि मेस एकमेकांना चिकटून आहेत. बाराही महिने मेडिकलचेच वातावरण. चौकाचौकांतल्या फलकांवर मात्र फार विसंबू नये. एकच टॉपर दोन-तीन क्लासच्या फलकांवर हसताना दिसतो. किती जण यशस्वी झाले हे फलक सांगतो, किती जण बसले होते हे सांगत नाही.

मेडिकलसाठी शहराने फरक पडतो का?

प्रवेशाच्या नियमांपुरते बोलायचे तर लातूर, पुणे आणि धाराशिव आता सारखेच आहेत. पूर्वी राज्यात ७०:३० सूत्र होते. वैद्यकीय महाविद्यालयांतील ७० टक्के जागा त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के राज्यभरातील विद्यार्थ्यांसाठी असत. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने इथल्या मुलांना जास्त गुण मिळवूनही जागा मिळत नाही, अशी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द केल्याची घोषणा केली. ते स्वतः लातूरचे. आता राज्यभर एकच गुणवत्ता यादी लागते.

खरा धोका राज्याची हद्द ओलांडण्यात आहे. उमरगा-लोहारा भागातून हैदराबाद फार लांब वाटत नाही आणि कोट्याचे आकर्षण तर सगळीकडेच आहे. पण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. त्यासाठी महाराष्ट्राच्या अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच उत्तीर्ण असावी लागते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद आहेत. इतरांनी बारावी तेलंगण किंवा राजस्थानातून केली तर त्यांच्या हाती मुख्यतः १५ टक्के अखिल भारतीय कोटा उरतो. क्लासचा माणूस ही गोष्ट प्रवेश घेताना आपणहून सांगेलच असे नाही.

मग इंजिनीअरिंगचे काय?

इथे मात्र शहर महत्त्वाचे ठरते. राज्याच्या केंद्रीभूत इंजिनीअरिंग प्रवेशात ‘होम युनिव्हर्सिटी’ हा निकष आहे. स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना मिळतात. तुमचे क्षेत्र कोणते हे रेशनकार्डावरच्या गावावरून ठरत नाही. बारावी जिथून उत्तीर्ण केली त्या ठिकाणावरून ठरते.

कळंबची एकच मुलगी तीन ठिकाणी कल्पून पाहा. बारावी धाराशिव जिल्ह्यात केली तर तिचे क्षेत्र छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. लातूरला केली तर नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुण्याला केली तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. शेवटी पुण्यातलेच इंजिनीअरिंग कॉलेज हवे असेल, तर लातूरला दोन वर्षे काढून ती पुण्याच्या यादीत ‘बाहेरची’ म्हणून उभी राहते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. पुण्यातली नावाजलेली अनेक महाविद्यालये स्वायत्त झाली आहेत. सीओईपी तर २०२२ पासून स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. अशा संस्थांत जागावाटप राज्य पातळीवर होते आणि होम युनिव्हर्सिटीचा फायदा तिथे उरत नाही. म्हणून हवी असलेली पाच-सहा महाविद्यालये आधी लिहून काढावीत आणि सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत त्यांचा प्रकार पाहावा. लक्ष्य आयआयटी किंवा एनआयटी असेल तर हा मुद्दाच गैरलागू. तिथे जेईईची तयारी कुठे चांगली होते, एवढेच पाहायचे.

खर्च किती वर्षांचा धरायचा?

बहुतेक घरे दोन वर्षांचा हिशेब मांडतात. मेडिकलसाठी तो अपुरा पडतो. नीट कितीही वेळा देता येते, वयाची वरची अटही नाही. २०२५ मध्ये देशभरातून सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर. त्यामुळे ‘रिपीट’ करणे नेहमीचे झाले आहे. जेईई अॅडव्हान्स्ड मात्र सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. म्हणजे इंजिनीअरिंगचा खर्च कुठेतरी थांबतो, नीटचा कुठे थांबवायचा हे घरानेच आधी ठरवावे लागते.

रक्कम पिकात मोजली की नीट कळते. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. क्लासची फी एक लाख असेल तर ती जवळपास १९ क्विंटल सोयाबीनची झाली. एकरी सात-आठ क्विंटलचा उतारा धरला तर अडीच एकरांचे पीक, तेही खर्च वजा न करता आणि हमीभाव हातात पडला तर. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूम भागात पिके गेली, जनावरे वाहून गेली. त्या घरांतही त्याच वर्षी दहावीला मुले होतीच.

लातूरचा मोठा फायदा अंतराचा. धाराशिवहून ते सुमारे ७५ किलोमीटर आहे. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट असल्याने आई रविवारी डबा घेऊन जाऊन संध्याकाळी परत येऊ शकते. पुणे अडीचशे किलोमीटर. लातूर-मुंबई एक्स्प्रेसने रात्री बसून पहाटे पोहोचता येते, पण मुलाला ताप आला म्हणून दुपारी निघून संध्याकाळी शेजारी बसता येत नाही. अनेक घरांत आई मुलाबरोबर खोली करून राहते आणि वडील शेतीजवळ. हे लातूरला जमते. पुण्याच्या भाड्यात दोन चुली परवडणे कठीण. परंडा-भूमकडच्या ज्या कुटुंबांचे नातेवाईक आधीच पुण्यात आहेत, त्यांचे गणित अर्थातच उलटे असू शकते.

लातूरला खोली घेताना पाण्याबद्दल जरूर विचारावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. उन्हाळ्यात टँकरचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे, हे आधीच कळलेले बरे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेतून अकरावीपासून मदत मिळते. पुण्यासाठी ती वर्षाला ६० हजार रुपये आहे, लहान शहरांसाठी त्याहून कमी.

प्रवेश कसा होतो?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पूर्वी पुण्यासारख्या काही महापालिका क्षेत्रांतच ही पद्धत होती. आता लातूरच्या महाविद्यालयात जाऊन ‘नाव लिहून ठेवले’ असे होत नाही. पसंतीक्रम भरताना पहिले नाव विचारपूर्वक घालावे, कारण पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते.

क्लास ‘इंटिग्रेटेड’ असेल, म्हणजे नाव एका महाविद्यालयात आणि दिवसभर बसणे दुसरीकडे, तर ते महाविद्यालय नेमके कुठल्या गावात आहे हे कागदावर पाहावे. होम युनिव्हर्सिटी त्या कागदावरून ठरणार आहे. प्रात्यक्षिके कुठे होणार आणि हजेरी कोण लावणार, हेही लेखी घ्यावे.

धाराशिवमध्येच राहिले तर?

हा पर्याय चर्चेत सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही पैसे नाहीत म्हणून. वास्तविक ७०:३० गेल्यापासून मेडिकलच्या प्रवेशात इथून बारावी करण्याचा काहीच तोटा नाही. २०२२ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १०० जागांचे. ‘महाज्योती’कडून इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील निवडक विद्यार्थ्यांना नीट, जेईई आणि सीईटीसाठी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण, टॅब आणि रोज ६ जीबी डेटा मिळतो. ज्याला इंजिनीअरच व्हायचे आहे, त्याच्यासाठी शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाटही इथेच आहे.

घरी राहून कमी पडते ती आजूबाजूची स्पर्धा आणि दर आठवड्याची कडक चाचणी. ती काही अंशी ऑनलाइन चाचणी मालिकेतून मिळते. उरलेला प्रश्न मुलाच्या स्वभावाचा आहे, आणि त्यासाठी अकरावीच्या आधीच्या सुट्टीत एक महिना लातूरच्या क्लासला बसवून पाहता येते. वर्षभराची फी भरण्याआधी.