प्रश्न काढणारी लेक

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी एकीचं पत्र आलंय. लेक विलायतेत डॉक्टर. रविवारीसुद्धा परीक्षेचे प्रश्न काढत बसते. 'पैसे नाहीत, मग कशाला हा उपद्व्याप?'

अहो, लंडन, एडिंबरा नि ग्लासगो इथल्या तीन रॉयल कॉलेजांची मिळून एम.आर.सी.पी. ही परीक्षा असते. पहिल्या भागात दोन पेपर, प्रत्येकी ३ तास आणि १०० प्रश्न. ते काढतात रोजचे रुग्ण तपासणारे डॉक्टरच, आपल्या सवडीनं. प्रश्न म्हणजे एका रोग्याची हकीकत आणि खाली पाच उत्तरं. त्यांतलं सर्वांत योग्य एकच. मीही शाळेत पेपर काढते. बरोबर उत्तर लिहायला काय लागतं? फसवी चार सुचवतानाच घाम फुटतो! पुढं इतर डॉक्टर तो प्रश्न पारखतात; शब्द दोन अर्थांचा निघाला की दुरुस्ती, नाहीतर बाद.

नुसती पाठांतराची परीक्षा घेऊन कसं चालेल? यातूनच पुढं मध्यरात्री वॉर्डात निर्णय घेणारे डॉक्टर तयार व्हायचे. हात नेमका कुठं चुकतो, ते रोज रोगी बघणाऱ्यालाच ठाऊक.

तेव्हा बाई, तिला अडवू नका. त्या दिवशी कुकर जावईबापूंनी लावावा, एवढं मात्र खुशाल सांगा. आणि फोनवर 'कुठला प्रश्न काढलास गं?' असं विचारू नका. ते गुपित सख्ख्या आईलाही सांगता येत नाही.