चुकलेला ठोका

गेल्या माघांत एके रात्रीं डाव्या कुशीवर निजलों असतां आमच्या छातींत मासा उसळावा तसें कांहींसें झालें, क्षणभर सर्व स्तब्ध झालें, आणि मग एक जोराचा धक्का बसला. घटकाभरांत तेंच चार-पांच वेळां घडलें. मनगट धरून पाहिलें, तों नाडी चालतां चालतां मध्येंच एक पाऊल गाळीत होती. घरांत शार्ङ्गधरसंहिता वाचलेलें माणूस असणें हें अशा वेळीं सुखाचें नसतें. आमच्या काकांनीं सकाळीं नाडी पाहिली व ते कांहीं न बोलतां उठून गेले. थांबून थांबून चालणारी नाडी प्राण घेते, असें त्या ग्रंथांत आहे, हें आम्हांसही ठाऊक होतें.

पुढील तीन आठवडे घरानें आम्हांस रोगी ठरविलें. चहा बंद झाला, माडीचा जिना बंद झाला, नेकनूरच्या आठवडी बाजाराची पिशवी पुतण्याच्या हातीं गेली. धाकट्या नातीनें "आजोबांशीं मोठ्यानें बोलायचें नाहीं ना?" असें आईस विचारलेलें कानीं पडलें, तेव्हां मात्र आम्ही मनांतून हादरलों. खरें सांगावयाचें तर दिवसांतून पन्नास वेळां आम्ही स्वतःच मनगट चांचपीत होतों. आणि जितकें चांचपावें तितके ठोके अधिक चुकत.

शेवटीं बीडला जाऊन हृदयाचा विद्युत्-आलेख काढविला, ध्वनिलहरींनीं हृदयाची तपासणी झाली, रक्त तपासलें, व एक लहानसें यंत्र २४ तास छातीवर बाळगलें. निर्णय असा निघाला कीं, हृदय निरोगी आहे. दिवसाच्या सुमारें १ लाख ठोक्यांपैकीं कांहींशें ठोके अवेळीं पडतात, इतकेंच. असे थोडेबहुत ठोके बहुतेक धडधाकट माणसांतही सांपडतात. पुष्कळांना त्यांची जाणीव नसते.

मौज ही कीं ठोका मुळीं चुकतच नाहीं. तो लवकर पडतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांत ठेका धरणारें केंद्र आहे. कधीं कधीं दुसऱ्याच ठिकाणचे स्नायु आधींच इशारा देतात. तेव्हां हृदय रक्तानें पुरतें भरलेलें नसतें, म्हणून तो दुबळा ठोका बहुधा मनगटापर्यंत पोंचत नाहीं. मागून येणारी विश्रांति लांबते, तेवढ्यांत रक्त अधिक भरतें, आणि पुढचा ठोका दणक्यानें बसतो. येथील बंकटस्वामींच्या मठांत भजनास बसणाऱ्यांस हें सहज कळेल. नवशिका मृदंगी समेआधींच थाप मारतो, चूक उमगून हात आवरतो, आणि खऱ्या समेवर दुप्पट जोरानें वाजवितो. आम्ही भीत होतों तें त्या स्तब्धतेला व त्या थापेला!

शार्ङ्गधरांचें वचन मरणासन्न रोग्याच्या उशाशीं खरेंही ठरलें असेल. पण सर्वच बेताल नाडी एका जातीची नव्हे. इंग्लंडांतील बर्न्ली या गिरण्यांच्या गांवीं साधी डॉक्टरकी करणारे जेम्स मॅकेंझी (१८५३–१९२५) यांनीं नाडीचे आलेख घेऊन आपल्या रोग्यांवर वर्षानुवर्षें नजर ठेविली, व केवळ अशा जादा ठोक्यांनीं माणसाचें कांहीं बिघडत नाहीं, असें दाखविलें.

"मग औषधानें ते बंदच कां करूं नयेत?" असें आमच्या बंधूंनीं विचारलें. त्यावर डॉक्टरांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगाची हकीकत सांगितली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांस एन्कनाइड व फ्लेकनाइड हीं औषधें दिलीं. जादा ठोके थांबले, पण औषधाऐवजीं नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांपेक्षां या रोग्यांतच मृत्यु अधिक झाले. बंधु पुढें कांहीं बोलले नाहींत.

मात्र आमचें वाचून कोणी घरबसल्या निश्चिंत होऊं नये. मूर्च्छा आली, धाप लागली, छातींत कळ आली, श्रमांत ठोके वाढले, किंवा घराण्यांत कोणी तरुणपणीं अकस्मात् गेलेलें असलें, तर विलंब लावूं नये. जादा ठोके दिवसाला हजारोंनीं पडत असल्यास निरोगी हृदयावरही लक्ष ठेवावें लागतें. वृद्धांची नाडी अधूनमधून न चुकतां सारखीच बेताल चालत असेल, तर तो प्रकार अगदीं निराळा. त्यांत हृदयांत गुठळी होऊन पक्षाघाताची भीति असते. आणि सुनेनें "छातींत धडधडतें" म्हटलें कीं मनाचे खेळ म्हणून हंसण्याची जी रीत आपल्या घरांत आहे, ती आम्हांस मुळींच रुचत नाहीं. तिच्या अंगांत रक्त कमी आहे कीं काय, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि बिघडली आहे कीं काय, हें आधीं तपासून घ्यावें.

आमच्यापुरतें म्हणाल, तर ठोके अद्याप येतात. जागरण झालें किंवा पोट जड झालें कीं अधिक येतात. उजव्या कुशीवर निजलें म्हणजे ते कमी जाणवतात. उठून अंगणांत फेऱ्या घातल्या कीं बहुधा थांबतात. मनगटाला हात लावावयाचा नाहीं, एवढा एकच नेम आम्हीं केला आहे, व तो अर्धाच पाळतों. चहा सकाळचा एक कप परत मिळाला. बाजाराची पिशवी मात्र पुतण्या सोडीत नाहीं. वांगीं तो आमच्याहून चांगलीं निवडतो, असें स्वयंपाकघरांतून कळतें.