डोळा उत्पादनखर्चात धरा



डोळे सांभाळा म्हटले की गाजर खा, पालेभाजी खा, एवढेच सांगितले जाते. ते खावेच. पण शेतकऱ्याचा डोळा जातो तो बहुधा शेतात, असे आमचे म्हणणे आहे.

भंडारा धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. तरी कापूस-ज्वारी पेरणाऱ्या आपण कोरडवाहूवाल्यांनी यवतमाळ विसरू नये. २०१७ साली तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले, काहींची नजर अधू झाली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडासमोर. मग विचारणा झाली ती फवारणाऱ्यालाच: चष्मा का घातला नाही? पण तो त्याला दिला कोणी?

फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच लिहिले आहे. पंप पाठीवर घेणारा पुष्कळदा रोजदार असतो. ज्याचे शेत त्याने त्याला चष्मा द्यावा. आपणच देत नसू, तर सरकारला जाब कोणत्या तोंडाने विचारणार?

वारा पाठीशी ठेवून फवारा. आपल्या मनाने दोन औषधे एकत्र करू नका. धुऱ्यावर स्वच्छ पाण्याची कॅन वेगळी ठेवा. डोळ्यात औषध उडाले तर चोळू नका. पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटे पाण्याने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. फवारताना अंधुक दिसू लागले तर तो थकवा समजू नका. ते विषबाधेचे लक्षण असू शकते. काम तिथेच थांबवा.

दुसरा धोका ज्वारीच्या पानाचा आणि धानाच्या कुसळाचा. डोळ्याला ओरखडा पडला की काडीकचऱ्यावरची फ्युजेरियमसारखी बुरशी आत शिरते, जखम चिघळते आणि फूल पडते. त्यात झाडाचा रस किंवा अंगावरचे दूध घालू नका. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब म्हणजे त्या बुरशीला खतपाणीच. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. कापणी-मळणीलाही चष्मा लावा.

बियाणे, खत, औषध, मजुरी यांचा हिशेब आपण पै-पैने मांडतो. त्याखाली चष्म्याची एक ओळ लिहा आणि भाव मागताना तोही खर्च मागा. पुढल्या बैठकीला ती ओळ लिहिलेला हिशेब घेऊन या.