माकड की माणूस?

सायलेंट व्हॅलीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक उपहासाचा : एका माकडापायी १२० मेगावॅट वीज बुडवली. दुसरा गहिवराचा : कवींनी अरण्य वाचवले. आमच्या मते दोन्ही सूर सिंहपुच्छ वानराशी ओळख करून न घेताच लागलेले आहेत.

'माकड की माणूस' ही मांडणी मुळातच फसवी. कुंतीपुळा नदीवरील धरणाखाली सुमारे ८३० हेक्टर सदाहरित अरण्य जायचे होते. वानर हा त्यातला एक रहिवासी. झफर फतेहअलींच्या कृतिदलाने १९७६ साली प्रकल्प सोडून द्या असे सुचवले, आणि सोडणारच नसाल तर अमुक दक्षता घ्या, अशी पुस्तीही जोडली. राज्यकर्त्यांनी नेमकी पुस्ती उचलली! (सरकारी अहवालातला 'तथापि' हा शब्द कधीतरी कुणी अभ्यासायला हवा.) प्रकल्प रद्द व्हायला १९८३ उजाडले.

गहिवरणाऱ्यांचे काय? 'मरक्कवी', म्हणजे झाडांचे कवी, अशी हेटाळणी सोसून सुगतकुमारी आणि त्यांचे सहकारी लढले, ते थोरच. पण १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले म्हणून कथा संपली, हे समाधान खोटे आहे. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या घाटांत मिळून हे वानर जेमतेम चार हजारांच्या घरात उरले आहेत, आणि त्यांतले पुष्कळ उद्यानांबाहेर, मळ्यांच्या मधल्या रानतुकड्यांत राहतात. हा प्राणी शेंड्यांवर जगणारा. कलेनियाची (मल्याळीत वेडिप्लाव) फुले आणि काटेरी फळांतल्या बिया हा दक्षिणेकडे त्याचा मोठा आधार. मादीला पहिले पिल्लू साधारण सहाव्या वर्षी, पुढचे त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. म्हणजे एक मादी मेली तरी कळपाची भरपाई व्हायला काळ जातो.

वालपराईजवळ पुदुतोट्टमच्या तुकड्यात फांद्यांची सलगता तुटली आणि वानर जमिनीवर उतरले. आता ते रस्ता ओलांडताना गाडीखाली येतात, घरांत शिरतात. पर्यटक त्यांना बिस्किटे देऊन भूतदयेचे पुण्य जोडतात. रस्त्यावर टांगलेले पूल उपयोगी पडतात, पण ते तुटलेल्या फांद्यांची जागा कुठवर घेणार? कॉफीवर सावली धरणारी देशी झाडे काढून सिल्व्हर ओक लावणाऱ्या मळेवाल्याला ना उपहासवाले काही विचारतात, ना गहिवरवाले. त्याच्या झाडतोडीवर कुणी कविता करीत नाही, आणि त्याच्या कॉफीची चव मात्र दोघांनाही आवडते.