काजू कारखान्यात आधी दर तपासावा

माल तयार करणाऱ्या माणसांना कारखान्यात कसे वागवले जाते, याची त्रयस्थाने तपासणी करून दिलेला दाखला म्हणजे सामाजिक प्रमाणपत्र. ही प्रथा कपडे आणि पादत्राणांच्या धंद्यात रुजली. १९९० नंतरच्या दशकात इंडोनेशिया, व्हिएतनाम, पाकिस्तान इथल्या कंत्राटी कारखान्यांतील मजुरीवरून मोठ्या ब्रँडांवर टीकेची झोड उठली आणि १९९७ मध्ये एसए ८००० हे मानक आले. बालमजुरी, वेठबिगारी, सुरक्षा व आरोग्य, संघटनेचे स्वातंत्र्य, भेदभाव, शिस्तीच्या नावाखाली होणारा छळ, कामाचे तास, वेतन आणि या सगळ्याची घडी बसवणारे व्यवस्थापन, असे त्याचे नऊ विषय. पुढे अम्फोरी बीएससीआय आणि सेडेक्सची स्मेटा तपासणी रूढ झाली. स्मेटा हा तपासणीचा अहवाल असतो, त्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते. तरी ‘आमच्याकडे स्मेटा सर्टिफिकेट आहे’ असे सर्रास म्हटले जाते.

काजूपर्यंत हा विषय जरा उशिरा पोचला. व्हिएतनाममधील व्यसनमुक्ती केंद्रांत डांबलेल्या लोकांकडून सक्तीने काजू सोलून घेतले जात असल्याचे ह्यूमन राइट्स वॉचने २०११ मध्ये उघड केले आणि पाकिटातल्या काजूगरामागच्या मजुरीचा प्रश्न युरोप-अमेरिकेच्या बाजारात गेला. सिंधुदुर्गात त्याची झळ फारशी लागली नाही. वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग, मालवण या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचा माल बहुतांशी देशातच खपतो. मुंबई-पुण्याचा व्यापारी, गोव्यातला दुकानदार किंवा मालवणच्या बाजारपेठेत खरेदीला उतरलेला पर्यटक यांपैकी कोणी मजुरीची चौकशी करत नाही. एफएसएसएआयचा परवाना अन्न सुरक्षित आहे का ते पाहतो, ‘वेंगुर्ला काजू’चे भौगोलिक मानांकन मालाचा गाव सांगते. बी फोडणाऱ्या हातांबद्दल दोन्ही कागद गप्प आहेत. निर्यातदाराला माल द्यायची वेळ आली की मात्र खरेदीदार सामाजिक तपासणीची अट घालतो आणि कारखानदाराची धावपळ सुरू होते.

या अटीमागची तपासणीची पद्धत शेकडो शिलाई यंत्रांच्या कारखान्यावर बेतलेली आहे, आणि तिथेही ती दोनदा सपशेल तोंडघशी पडली. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले; जेमतेम महिन्याभरापूर्वी त्याला एसए ८००० मिळाले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांच्या सामाजिक तपासण्या झाल्या होत्या, पण इमारतीची ताकद तपासणे त्या यादीत नव्हते. प्रमाणपत्रासाठी बघणाऱ्याने यादीतले पाहिले. मरण यादीबाहेरून आले.

काजूच्या कारखान्यात यादीबाहेर काय राहते हे समजण्यासाठी काम मुळातून पाहावे लागते. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्ब्याचे तेल उतते हे प्रत्येक घरात माहीत असते. काजूच्या टरफलातले तेलही त्याच जातीचे. त्यातली अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्ये कातडी जाळतात, बोटांची टोके काळी पडतात, नखांजवळ भेगा जातात. जुन्या पद्धतीत बी भाजत, त्याचा धूर डोळ्यांना आणि छातीला लागे. आता बी वाफवतात, त्यामुळे धूर गेला. तेल टरफलातच राहिले. वाफवून सुकवलेली बी हात आणि पायाने चालणाऱ्या यंत्रावर एकेक करून फोडायची, गर टोचून काढायचा, तो बोरम्यात, म्हणजे सुकवणीच्या भट्टीत, तापवायचा, मग साल सोलायची आणि शेवटी अख्खा, पाकळी, तुकडा अशी प्रतवारी करायची. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर हाती येतो. कटिंग आणि सोलणी, दोन्हीकडे बहुतेक बायकाच असतात.

तेलापासून वाचायला हातमोजे हवेत, हे सगळे मानतात. तपासणीच्या दिवशी ते हातांत दिसतातही. दुसऱ्या दिवशी ते खुंटीवर जातात, कारण जाड मोज्याने बी चिमटीत नीट बसत नाही, वेग उतरतो आणि मजुरी किलोवर असते. म्हणून बाई बोटांना एरंडेल किंवा खोबरेल फासून, राख लावून काम करते. अहवालात अशा वेळी ‘कामगारांमध्ये जागरूकतेचा अभाव’ असा शेरा पडतो. तो शेरा चुकीच्या पत्त्यावर जातो. तिला तेल काय करते हे कोणत्याही तपासनीसापेक्षा चांगले कळते. मोजे घातल्याने दिवसाचे जेवढे किलो कमी भरतात, तेवढे दरात धरलेले नाहीत, ही खरी त्रुटी आहे. काजू कारखान्यात आरोग्याचा रकाना आणि वेतनाचा रकाना वेगळे तपासले, तर दोन्ही बरोबर निघतात आणि बोटे मात्र जळतच राहतात.

उक्त्या दराबाबत कायदा स्पष्ट आहे. ज्या कामाला वेळेवर आधारलेले किमान वेतन ठरले आहे पण नगावरचे ठरलेले नाही, तिथे नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या दराइतके वेतन मिळालेच पाहिजे; १९४८ च्या किमान वेतन अधिनियमात ही तरतूद होती आणि वेतन संहितेतही ती आहे. तपासणीत मात्र बहुधा महिन्याची एकूण रक्कम आणि हजेरीचे दिवस यांचा भागाकार होतो आणि तो जुळवून आणणे सोपे असते. खरी पडताळणी दराच्या उगमाशी होते. मोजे घालून, पाणी प्यायला आणि पाठ सरळ करायला मध्ये उठून, मध्यम वेगाची बाई आठ तासांत किती किलो फोडते? हे मोजताना सर्वांत चलाख हात निवडू नये, आणि बी लहान किंवा जुनी असलेले दिवसही धरावेत. तुकडा पडला म्हणून कापलेले पैसे वेगळे दाखवावेत, कारण तुकडा जितका हाताने पडतो तितकाच नीट न वाफवलेल्या बीमुळेही पडतो. वाफवणीचा दोष कटिंगवालीच्या हिशेबात टाकणे ही या धंद्याची जुनी खोड आहे.

दुसरी मोठी फट फाटकाबाहेर आहे. काही ठिकाणी गर सोलणीसाठी घरी दिला जातो. घरकाम सांभाळून चार पैसे मिळतात म्हणून बायकांना तो हवाही असतो. पण घरी हजेरी नाही, तासांची मोजदाद नाही, आणि शाळेतून आलेले मूल शेजारी बसून सोलू लागले की बालमजुरीचा रकाना कोरा असूनही खोटा ठरतो. केरळात कोल्लमच्या परिसरात किमान वेतन आणि कामगार संघटना आल्यावर काही मालकांनी काम घरोघरी वाटले, काहींनी कारखाने तामिळनाडूत हलवले. फाटकाच्या आतच पाहणारे प्रमाणपत्र इथेही तीच वाट दाखवील. उपाय घरची सोलणी बंद करण्यात नाही. तसे केले तर ती लपून चालेल. कोणाकडे किती गर गेला, किती परत आला आणि काय दर दिला, याची वही कारखान्याने ठेवावी आणि तपासनीसाने त्यातली चार-दोन घरे गाठावीत.

कायद्याचा आधार लहान कारखान्यांत पातळ होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वीज वापरणारा कारखाना २० कामगारांपासून आणि विनाविजेचा ४० पासून ‘कारखाना’ ठरतो. भविष्यनिर्वाह निधीही २० पासून लागतो. त्याखालच्या शेडमध्ये निरीक्षक क्वचितच येतो. प्रमाणपत्राचा खरा उपयोग अशाच जागी आहे आणि तिथेच त्याचा खर्च झेपत नाही. पाच-सात शेजारच्या कारखान्यांनी एकच दरमोजणी, एकच प्रशिक्षण आणि हातांची एकच वैद्यकीय तपासणी मिळून केली, तर निदान तयारीचा खर्च वाटला जातो.

कामाच्या तासांचे कलमही कोकणात जरा समजून वाचावे लागते. भाताच्या लावणीला आणि चतुर्थीला अर्ध्या जागा रिकाम्या पडतात. परदेशी तपासनीस त्याला गैरहजेरी म्हणतो. पूर्वसूचनेची साधी नोंद असली की पुरे. त्या दिवसांची भरपाई म्हणून पुढच्या आठवड्यात सक्तीचा जादा वेळ लादला गेला का, एवढे पाहावे.

तपासणीची फी कारखानदारच भरतो आणि अहवाल खरेदीदाराकडे जातो, ही या व्यवस्थेची मूळ अडचण आहे. राणा प्लाझानंतर बांगलादेशात झालेल्या अॅकॉर्ड या करारात कामगार संघटना सहीदार होत्या, करार ब्रँडांवर बंधनकारक होता आणि प्रत्येक कारखान्याचा अहवाल जाहीर होत असे. सिंधुदुर्गात तेवढी यंत्रणा उभी राहणार नाही. पण किलोचा दर, तो काढण्याची रीत आणि तपासणीत सांगितलेल्या दुरुस्त्या मुदतीसह मराठीत कारखान्याच्या फळ्यावर लावायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि पुढच्या तपासणीत पहिली नजर त्याच फळ्यावर जावी.