७० ला ७० जुळत नाही!

मित्रांनो, पाइपलाइनच्या वेल्डिंगचं काम घेताय? मग ही चूक टाळा. पाइपावर एक्स-७० आणि रॉडवर ई-७०१८ दिसलं, की अनेकांना वाटतं, जुळलं! नाही जुळलं. पाइपावरचे ७० म्हणजे ७० हजार पीएसआय यील्ड. रॉडवरचे ७० म्हणजे टेन्साइल. एक्स-७० ची टेन्साइल किमान ८२ हजारांच्या आसपास लागते. जॉइंट कमजोर राहू शकतो.

मग सगळीकडे सर्वांत भारी रॉड? तेही नको. रूटला बऱ्याचदा मऊ ई-६०१० च चालतो, वरच्या पासना ई-८०१०.

माझं मत स्पष्ट आहे: आधी मंजूर डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्डिंगची लेखी पद्धत वाचा, मगच रेट भरा. रॉडमध्ये वाचवलेले पैसे एक जॉइंट कापावा लागला की गेलेच समजा.